पाचर

‘पाचर मारणे’ हा शब्दप्रयोग आपण चांगल्या अर्थाने करीत नाही. जमत आलेल्या गोष्टीत जो मोडता घालतो, तो पाचर मारतो. परवापर्यंत माझीही हीच समजूत होती.

आमच्या मागच्या पडवीत भोके पाडण्याचे एक जुने यंत्र आहे. मोटारीच्या शाफ्टवर ड्रिल धरणारा चक बसवलेला. तो झिजला म्हणून काढू लागलो, तर हलेना. मी हातोडा घेतला. अडकलेल्या वस्तूवर माणूस फार लवकर रागावतो. जणू काही ती हट्टानेच बसली आहे! चार-सहा घाव घातले असतील-नसतील, तोच शेजारी कामाला आलेल्या मिस्त्रीने माझा हात धरला.

“साहेब, हा मार चकला लागत नाही. आतल्या बेअरिंगला लागतोय.”

मग त्याने समजावून सांगितले. शाफ्टचे टोक किंचित निमुळते असते आणि चकच्या आत तसाच निमुळता खळगा. ना आटे, ना खिळा. १८६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन मोर्स याने प्रचारात आणलेल्या अशा बैठकीचा उतार वीस इंचांत सुमारे एक इंच, इतका अल्प असतो. त्यामुळेच पकड पक्की. शिवाय काम करताना ड्रिल दाबावे, तसा चक अधिकच रुतत जातो. म्हणजे माझा चक हट्टी नव्हता. इमानाने केलेल्या कामानेच तो अडकला होता.

मिस्त्रीने दुबेळक्यासारख्या दोन पाचरी आणल्या, चक आणि शाफ्टचा खांदा यांमधल्या फटीत समोरासमोरून सरकवल्या आणि क्लॅम्पने हळूहळू आवळल्या. ‘टक्’ असा आवाज झाला आणि चक हातात आला.

जोर यातही लागलाच. तेव्हा प्रश्न जोर लावावा की नाही, हा नव्हे. तो कोणाच्या अंगावरून जातो, हा आहे. पाचरीचा जोर ज्या दोघांत गुंता आहे, त्या दोघांतच राहतो. हातोड्याचा मार तिसऱ्याला सोसावा लागतो. बेअरिंगच्या गुळगुळीत कड्यांवर बारीक खळगे पडतात. त्या दिवशी काही कळत नाही. पुढे कधीतरी मोटार घरघरू लागते, आणि आपण म्हणतो, हल्ली बेअरिंगेच चांगली मिळत नाहीत.

मिस्त्री गेला, मी तसाच बसून राहिलो. चार महिन्यांपूर्वी मुलाने नोकरी सोडली, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. “त्याला सांग, विम्याचा हप्ता भरायचा आहे.” “बाबांना सांग, भरला.” सारे त्याच्या आईमार्फत. माझा राग त्याच्यापर्यंत पोचत होता की नाही, कोण जाणे. जात होता तो तिच्यातून. अलीकडे तिला झोप लागत नाही. डॉक्टरांकडे जाऊन ये, असे मी तिला दोनदा सांगितलेही होते.

रात्री पानावर बसल्यावर ‘त्याला सांग’ हे शब्द ओठांवर आले. ते गिळून मी मुलाकडे वळलो. “तू केलेस ते मला पटलेले नाही. पण का केलेस, ते तूच सांग.”

तो बराच वेळ बोलत होता. सारेच काही मला पटले नाही. पण भात वाढायला आलेली त्याची आई पुन्हा आत गेली नाही. पातेले खाली ठेवून तिने आपलेही पान वाढून घेतले.