बंद पाकीट आणि पारखलेले कार्ड

गेल्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. तो जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावचा. घरी मोसंबीची बाग, आणि त्याला स्वतःला फुटबॉलचे वेड. पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकलेले थोडे पैसे त्याच्यापाशी होते, व ते फुटबॉलपटूंच्या कार्डांत घालावे असे त्याच्या मनाने घेतले होते. प्रश्न एवढाच होता, की न फोडलेली पाकिटे घ्यावी, की एखाद्या खेळाडूचे पदार्पणाच्या हंगामातील, प्रतवारी झालेले, एकच कार्ड घ्यावे? "मित्र म्हणतात, पाकीट म्हणजे जुगार आणि प्रतवारीचे कार्ड म्हणजे गुंतवणूक. सर, तुम्हांला काय वाटते?" असे त्याने विचारले. त्या वेळी आम्ही काही तरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला, आणि तो वरवर दिसतो तितका पोरकट नाही असे विचारान्ती वाटू लागले.

ज्या वाचकांस हा व्यवहार अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करू. बंद पाकिटातून खेळाडूंची चित्रे विकण्याची चाल जुनी आहे. इटलीतील मोडेना शहरच्या पानिनी कंपनीने १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी काढलेला संग्रह प्रसिद्धच आहे. आणि १९८७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास आपल्याकडे बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आमच्या पिढीतील पुष्कळांस आठवतील. पाकिटात कोण निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. दुसऱ्या प्रकारात, एखादी संस्था कार्डाचे कोपरे, कडा व पृष्ठभाग तपासते, चित्र मधोमध छापले आहे की नाही ते पाहते, दहापैकी अंक देते आणि कार्ड पारदर्शक पेटीत कायमचे बंद करून टाकते. पहिल्यात वस्तू अज्ञात असते, दुसऱ्यात ती डोळ्यांपुढे असते.

पाकिटाविरुद्धचा पक्ष सोपा आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून युधिष्ठिराच्या द्यूतापर्यंत आपल्या परंपरेने फाशांची निंदाच केली आहे. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, जुगार हा संविधानाने रक्षण करावे असा व्यापारच नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. कार्डांचे पाकीट कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही हे वकिलांवर सोपवू. पण ते फोडताना मनाची जी अवस्था होते ती फासे टाकणाऱ्याच्या अवस्थेहून फारशी वेगळी नसते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि पाकीट घेणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण दैवावर हवाला ठेवला आहे हे त्याला ठाऊक असते. प्रतवारीचे कार्ड घेणाऱ्याला मात्र आपण दैवाच्या कक्षेबाहेर गेलो असे वाटते, आणि हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. पेटीवरील अंक कागदाच्या स्थितीविषयी बोलतो; खेळाडूचा गुडघा पुढील वर्षी टिकेल की नाही, किंवा दहा वर्षांनी ते कार्ड कोणास हवेसे वाटेल की नाही, याविषयी तो मुका असतो. कागदाविषयीही तो नेहमी खरेच बोलतो असे नाही. बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटींच्या पाकिटांतून निघालेले एक कार्ड पीएसए या संस्थेने १९९१ साली तपासले, त्यास आठ अंक दिले, आणि आपल्या दप्तरी पहिला क्रमांक दिला. २००७ साली ते अठ्ठावीस लाख डॉलरांस विकले गेले. पुढे २०१३ साली, ते पूर्वी ज्याच्या हातून विकले गेले होते त्या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केले की, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. म्हणजे पहिल्या क्रमांकाची खात्रीच फसवी निघाली!

मग धोका दोन्हीकडे सारखाच, असे म्हणून स्वस्थ बसावे काय? येथे आम्हांस त्या विद्यार्थ्याच्या घरच्या बागेचा विचार उपयोगी पडला. फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्यास उक्ती देण्याची रीत त्या भागात आहे. नंतर फळगळ झाली किंवा भाव पडला तर नुकसान व्यापाऱ्याचे, भाव चढला तर लाभही त्याचाच. हादेखील एका अर्थी बंद पाकिटाचा सौदा होय. परंतु त्या व्यापाऱ्यास कोणी जुगारी म्हणत नाही. कारण तो आधी बागेत फिरतो, फळ हाताळतो, पानांचा रंग पाहतो, पाण्याची चौकशी करतो आणि मग आकडा बोलतो. धोका असतोच, पण त्या धोक्यात त्याचे स्वतःचे डोळे आणि श्रम गुंतलेले असतात. उलट बाजूस, शेतकरी पुढची आशा सोडून आजची निश्चित रक्कम घेतो, कारण खताचे देणे थांबत नाही. त्यालाही कोणी भित्रा म्हणू नये.

यावरून आम्हांस असे वाटते की, व्यवहार नीतीला धरून आहे की नाही हे अनिश्चिततेच्या प्रमाणावरून ठरत नाही. दोन प्रश्न विचारावे लागतात: यात माझी स्वतःची पारख किती, आणि बुडाले तर कोणाचे बुडेल? या कसोटीने पाहता, गमतीखातर, गेले तरी घरात कोणास झळ लागणार नाही अशा पैशांनी पाकीट घ्यावे, भावंडांत बसून फोडावे, दुबार निघालेली चित्रे मित्रांशी बदलून घ्यावी. यात आम्हांस दोष दिसत नाही. नफ्याच्या आशेने एकामागून एक पाकीट फोडू लागणे हे मात्र व्यसन होय. आणि ज्यास कापलेली कड व मूळ कड यांतील भेद स्वतः ओळखता येत नाही, त्याने केवळ अंकावर विसंबून महाग कार्ड घेणे म्हणजे गुंतवणुकीचे नाव धारण केलेला फासाच होय. साधे मडके घेतानाही आपण ते टिचकी मारून पाहतो; तो आवाज विकणाऱ्याने ऐकून चालत नाही, घेणाऱ्यालाच ऐकावा लागतो.

हे लिहीत असता एका गोष्टीने आमचेच मन खजील झाले. अंक देऊन वस्तू पेटीत बंद करणे, हाच तर आमचा तीस वर्षांचा धंदा. त्या विद्यार्थ्यास आम्ही एकदा द्वितीय वर्ग दिला होता. तीन तासांत त्याने काय लिहिले एवढेच त्या अंकाने सांगितले. सुट्टीत पहाटे उठून तो बागेला पाणी देत असे, हे आम्हांस या भेटीत कळले. तेव्हा आमचे उत्तर त्याला पत्राने कळवताना, अंकावर फार विसंबू नये, हे वाक्य कार्डांपुरतेच लिहावे की नाही, या विचारात आम्ही बराच वेळ होतो. शेवटी ते कार्डांचा उल्लेख न करता लिहिले.