रंगाखालचा नंबर



आज प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. आजच्या मिस्साबरोबर नाताळचा काळ संपतो. घरोघरचे गोठे आवरले जातील, चांदण्या उतरवून माळ्यावर जातील आणि उद्यापासून आपण नेहमीच्या कामाला लागू. त्याआधी आज तुम्हांला एका मोटारसायकलची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट आपल्याच धर्मग्रामातल्या एका गृहस्थांची आहे. त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची परवानगी घेऊनच ती सांगतो आहे. नावे विचारू नका. ज्यांना ओळखू येतील त्यांनी मनातच ठेवावीत.

गेल्या पावसाळ्यात हे गृहस्थ चर्चच्या कार्यालयात आले. पन्नाशी उलटलेली. मी त्यांना मिस्साला कधी पाहिले नव्हते.

"फादर, माझ्या बाप्तिस्म्याची तारीख हवी होती."

"दाखला कशासाठी हवा?"

"मोटारसायकलसाठी."

मला हसू आले. तेही हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि सगळी हकिकत सांगितली.

त्यांच्या वडिलांची एक जावा होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली, २५० सीसीची, दोन सायलेन्सरची. जिचा एकच दांडा किकचे काम करतो आणि गिअरचेही. आपल्यातल्या जुन्या मंडळींना तिचा आवाज आठवत असेल. पहाटेच्या लोकलसाठी भाजीच्या पाट्या घेऊन वडील याच गाडीवरून वसई रोड स्टेशनला जात. वडील वारले आणि गाडी वाडीतल्या गोठ्यात भिंतीला टेकून राहिली. वीस वर्षांहून अधिक काळ राहिली. सीटमध्ये उंदरांनी घर केले, टाकीला आतून गंज चढला.

दोन वर्षांपूर्वी या गृहस्थांनी ती बाहेर काढली. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कितीतरी शनिवार घालवले. कारखान्याकडून काही मिळण्याची सोय नाही, कारण १९६१ साली सुरू झालेला तो कारखाना १९९६ साली बंद पडला. अखेर एका संध्याकाळी गाडी सुरू झाली. पहिल्या किकला नव्हे, सतराव्या किकला. गोठा निळ्या धुराने भरून गेला आणि हा पन्नाशीचा माणूस त्या धुरात उभा राहून रडला.

पण गाडी फाटकाबाहेर नेता येईना. आरसी बुक नव्हते. २६ जुलै २००५ च्या पुरात घरात पाणी शिरले, तेव्हा ट्रंकेतल्या सगळ्या कागदांचा लगदा झाला होता. नंबर प्लेट कधीच गंजून पडली होती. नंबर काय होता? यांना आठवे की शेवटी सात होता. बहीण म्हणे, एक होता. कुणालाच खात्री नव्हती.

एकाने त्यांना एका एजंटाकडे नेले. एजंट म्हणाला, "काळजी कशाला करता? भंगारात गेलेल्या दुसऱ्या जावाचे आरसी बुक माझ्याकडे आहे. तुमच्या चासीवरचा नंबर ग्राइंडरने घासून टाकू आणि त्या पुस्तकातला नंबर पंच करू. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर."

गृहस्थांनी मला प्रामाणिकपणे सांगितले, "फादर, मी हो म्हणून आलो होतो." गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होते. पण किती दिवस थांबायचे, कुणाकुणाला विचारायचे! घरी येऊन त्यांनी हँडलखाली, चासीच्या मानेवर, जिथे नंबर कोरलेला असतो तिथला रंग खरवडायला घेतला. वडिलांनी वेळोवेळी दिलेले रंगाचे चार थर निघाले. खाली गंज. गंज पुसला, रॉकेलचे बोट फिरवले आणि एकेक आकडा वर येऊ लागला. कारखान्यात ठोकलेला, जसाच्या तसा. ते म्हणाले, "त्यावर ग्राइंडर फिरवायचा म्हणजे बाबांच्या गाडीला दुसऱ्याचं नाव द्यायचं. हात धजेना."

एजंटाला त्यांनी नाही म्हणून कळवले आणि सरळ वाटेला लागले. सरळ वाट लांबची असते, हे तुम्हांला सांगायला नको.

परिवहन कार्यालयात समजले की, २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी वेगळे नियम केले आहेत. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्या चासीत वा इंजिनात मोठे फेरबदल केलेले नसावेत. तिची पूर्वीची नोंद सापडली, तर जुना नंबर तिच्याकडेच राहतो. नोंद नसेल, तर वीस हजार रुपये शुल्क भरून 'व्हीए' मालिकेतला नवा नंबर घ्यावा लागतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

गृहस्थांना जुनाच नंबर हवा होता. पण संगणकात तो नव्हता. संगणक येण्यापूर्वीच्या सगळ्याच नोंदी त्यात चढलेल्या नसतात. जुन्या वह्यांत गाडीच्या नंबरावरून पान सापडते. चासीच्या नंबरावरून शोधायचे, तर वह्यांमागून वह्या चाळाव्या लागतात. कार्यालयातल्या माणसाने भला सल्ला दिला : "घरात विम्याचा कागद, टॅक्सची पावती, निदान एखादा जुना फोटो बघा."

आणि इथेच खरी अडचण होती. जुने फोटो थोरल्या भावाच्या घरी होते. वाडीच्या वाटणीवरून दोघांत बोलणे बंद होते. किती वर्षे? अकरा. भाऊ रविवारी मिस्साला येतो, म्हणून यांनी येणे सोडले होते. आईच्या मातीच्या दिवशीही दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होते.

गृहस्थ तीन वेळा भावाच्या ओट्यापर्यंत जाऊन परत फिरले. चौथ्या वेळी वहिनीने पाहिले आणि म्हणाली, "भावजी, उन्हात का उभे? आत या." भाऊ काही बोलला नाही. यांनी काम सांगितले. भावाने उठून माळ्यावरचा अल्बम काढला आणि पुढ्यात ठेवला. त्यात एक काळापांढरा फोटो निघाला. आपल्या चर्चच्या दारासमोर उभे कुटुंब, धर्ममातेच्या हातात पांढऱ्या कपड्यातले बाळ आणि बाजूला नवीकोरी जावा. तिच्या टाकीवर सहा वर्षांचा थोरला भाऊ ऐटीत बसलेला. पुढच्या प्लेटवरची तिन्ही अक्षरे स्पष्ट होती, तीन आकडेही. चौथा आकडा धर्ममातेच्या पदराआड गेला होता.

फोटोमागे तारीख नव्हती. कार्यालयात विचारत होते, "साधारण कोणत्या सालापर्यंतची वही काढू?" म्हणून ते बाप्तिस्म्याची तारीख विचारायला माझ्याकडे आले होते.

मी कपाटातून जुनी नोंदवही काढली. बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभेत या वह्यांना फार मान आहे. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना लग्नाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा आदेश दिला. आजही बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात त्या माणसाचे दृढीकरण, विवाह किंवा गुरुदीक्षा लिहिली जाते. माणूस कुठेही गेला, तरी त्याच्या आयुष्यातल्या या गोष्टी त्याच्या पहिल्या पानाकडे परत येतात.

मे १९७४ च्या पानावर त्यांचे नाव सापडले. आईवडिलांची नावे, धर्मपिता, धर्ममाता. समासात दृढीकरण. त्याखाली लग्न. त्यांनी पानावर बोट ठेवले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग हळूच विचारले,

"फादर, माझं नाव अजून आहे यात?"

मी म्हटले, "कापणार कोण?"

तारीख लिहून घ्यायलाही ते विसरले. मीच चिठ्ठीवर लिहून दिली.

पुढचे थोडक्यात सांगतो. चौथा आकडा शून्य ते नऊ यांपैकी एक, म्हणजे दहाच शक्यता. १९७४ च्या आधीच्या वह्या काढल्या. दहा नोंदी एकेक करून पाहिल्या, प्रत्येकीतला चासी नंबर पेन्सिलीने घेतलेल्या छापाशी ताडून पाहिला. पाचव्या नोंदीला जुळला. साल १९७२, मालकाच्या रकान्यात वडिलांचे नाव. शेवटचा आकडा सातही नव्हता आणि एकही नव्हता, चार होता. थकलेला कर आणि दंड त्यांनी मुकाट्याने भरला. गाडी वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर करायला इतर वारसांची संमती लागते. भावाने कागदावर सही केली आणि म्हणाला, "टाकीवर मी आधी बसलो होतो, विसरू नको."

वाडीच्या वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आता त्यावर दोघे एका ओट्यावर बसून भांडतात.

प्रिय भाविकांनो, आज येशू यार्देन नदीत उतरला. अजून त्याने एकही चमत्कार केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेले नव्हते. तरी पित्याने आकाशातून त्याला आपला लाडका पुत्र म्हणून ओळख दिली. आधी ओळख, मग कामगिरी. गाडी पहिला किलोमीटर धावण्याआधीच कारखान्यात तिच्यावर नंबर ठोकला जातो. आपलेही तसेच झाले. आपण हातभर होतो, काही कमावलेले नव्हते, तेव्हाच बाप्तिस्म्यात देवाने आपल्यावर आपली मुद्रा उमटवली. यशया संदेष्ट्याच्या तोंडून देवाने आपल्या लोकांना धीर दिला, तोही याच शब्दांच्या अर्थाने : मी तुला नावाने ओळखतो, तू परका नाहीस.

ही मुद्रा पुसली जात नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणूनच बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देत नाहीत. संत आगुस्तीन (३५४ ते ४३०) याने त्यासाठी सैनिकाचे उदाहरण दिले. त्या काळी सैनिकाच्या अंगावर राजाची खूण गोंदत. सैनिक पळून गेला तरी खूण अंगावर राही, आणि तो परतला तर ती पुन्हा गोंदत नसत. पळून गेल्याचा दोष राहतोच, पण तो कुणाचा सैनिक, हा प्रश्न उरत नाही.

मात्र एक गैरसमज नको. वहीत नाव आहे म्हणून काम झाले, असे नाही. नोंद सापडली तेव्हाही टाकीत पेट्रोल लागलेच. गंज काढावाच लागला. प्रायश्चित्त संस्कार म्हणजे नवा नंबर नव्हे. वर्षानुवर्षे आपणच दिलेले रंगाचे थर खरवडून जुना नंबर वर आणणे होय. आणि मोह मात्र नेहमी ग्राइंडरचाच होतो. मी कोण, कुणाचा, हे घासून टाकावे आणि कुणाच्या तरी तयार कागदांवर झटपट पुढे जावे, असे वाटते. नोकरीत वाटते, व्यवहारात वाटते, भावाशी भांडतानाही वाटते. एजंट आठ दिवसांचा वायदा करतो. देव घाई करत नाही. तो भावाच्या ओट्यावरून नेतो.

आता एक शब्द आपल्यासाठी, जे दर रविवारी येतो त्यांच्यासाठी. ऑगस्टमध्ये एका रविवारी हे गृहस्थ मिस्साला आले आणि मागच्या बाकावर बसले. बाहेर पडताना आपल्यापैकी कुणीतरी म्हणाले, "आज इकडे कसे? रस्ता चुकलात वाटते!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. पण पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. अकरा वर्षांनी आलेल्या माणसाकडे आपण दारातच कागद मागितले. ज्याची नोंद देवाकडे आहे, त्याला अडवणारे आपण कोण? रस्ता चुकलेला माणूस इथे आला, तर तो चुकलेला नसतो, सापडलेला असतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये भाविकांना एक साधा गृहपाठ दिला होता : आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधा. या आठवड्यात आपणही तो करू या. आईला विचारा, जुना अल्बम काढा, नाहीतर कार्यालयात या. वही कपाटातच आहे. आणि अल्बम ज्याच्या घरी आहे त्याच्याशी तुमचे बोलणे बंद असेल, तर तारखेच्या निमित्ताने त्याच्या ओट्यावर जा. तीन वेळा परत फिरलात तरी हरकत नाही.

पाण्यात उतरून आपल्यासारखा झालेला प्रभू येशू तुम्हां सर्वांवर आणि आज इथे नसलेल्या आपल्या प्रत्येक भावाबहिणीवर कृपा करो. आमेन.

आपला धर्मगुरू