शिवारातला पाऊस कोणाचा?

आपल्या जमिनीवर पडलेला पाऊस आपला मानावा का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात तो रोजच्या शेतीचाही प्रश्न ठरतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा, दक्षिणेकडे तापीचे खोरे आणि दोहोंमध्ये सातपुडा आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर घरे विखुरलेली असतात. बहुधा प्रत्येक घर आपापल्या शेतात आणि शेत उतारावर. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्यातल्या जोरदार सरींबरोबर पाणी धावते आणि माती नेते. एका हेक्टरवरून एक सेंटिमीटरचा थर गेला, तर १०० घनमीटर माती जाते. ती नव्याने तयार व्हायला शतके लागतात.

पाऊस ही देवाची देणगी असेल, तर तो अडवणे हा त्या व्यवस्थेत केलेला हस्तक्षेप नव्हे का, अशी शंका घेता येते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तिचे उत्तर सापडते. तिथे अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून होतो, असे चक्र मांडले आहे. माणूस या चक्राच्या बाहेर उभा नाही. जो घेतो पण परत देत नाही, त्याला तिथे चोर म्हटले आहे. सातपुड्यातल्या आदिवासींच्या श्रद्धेतही हा भाव दिसतो. देवमोगरा इथल्या याहामोगी देवीच्या यात्रेला, महाशिवरात्रीच्या सुमारास, भाविक बांबूच्या टोपलीत धान्य घेऊन जातात. जिच्या कृपेने पिकले, तिला आधी द्यायचे, ही त्यामागची धारणा. या दोन्ही दृष्टींनी देणगी घेणाऱ्यावर जबाबदारी येते. शेतातून गढूळ होऊन वाहून जाणारे पाणी ही जबाबदारी न पाळल्याची खूण ठरते.

दुसरा प्रश्न अडवलेल्या पाण्याच्या मालकीचा आहे. समतल चर, दगडी बांध, बांधावरचे गवत आणि झाडे पाण्याचा वेग कमी करतात. माती जागेवर राहते, पाणी जमिनीत मुरते आणि त्यातले काही पुढे खालच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. छपराचे पाणी पन्हाळीने टाकीत घेणे ही घरापुरती गोष्ट आहे. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,००० लिटर पाणी मिळते; त्याने शेजाऱ्याचे फारसे बिघडत नाही. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे विंधनविहिरीच्या पाण्याने भरले, तर मात्र सर्वांच्या भूजलाचा खासगी साठा होतो. चर-बांध आणि असे शेततळे या दोन्हीला जलसंधारण म्हटले जाते, पण पहिल्यात पाणी पुढे जाते आणि दुसऱ्यात ते कोंडले जाते.

पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. त्यामुळे वरच्या शेतकऱ्याला आधी राबावे लागते आणि फळाचा मोठा वाटा खालच्याला मिळतो. केवळ खासगी मालकीच्या हिशेबात हे बसत नाही. विनोबा भावे यांच्या १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदान चळवळीतून पुढे ग्रामदान आले, आणि त्या काळी पश्चिम खानदेशात असलेल्या अक्राणी महालातही त्याचा प्रसार झाला. जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा, हे त्याचे सूत्र. महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदानाचा कायदाही झाला. जमीन देवाची आणि माणूस तिचा विश्वस्त, हा विनोबांचा आधार होता. सारी गावे या वाटेने गेली नाहीत, तरी उतारावरच्या शेतीला हा विचार नेमका लागू पडतो.

यातून मालकाचे कर्तव्य ठरवता येते. माती त्याच्या हवाली आहे, म्हणून ती राखायची. पाणी त्याच्याकडून पुढे जाणारे आहे, म्हणून गरजेपुरते वापरून उरलेले संथ आणि स्वच्छ करून पुढे द्यायचे. बांध घालण्याचा अधिकार या दोन अटींवर टिकतो.