उद्यापन नसलेलं व्रत

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि रोज टिटवाळ्याहून गाडी पकडणारा मी घरी बसलो. पहिल्या नोकरीला एक वर्षही झालं नव्हतं. दिवसभर लॅपटॉप आणि रात्री दहा वाजता पबजी, असं सुरू झालं. आम्ही चौघं, एकाच शाळेतले. दोघं मांड्याच्या बाजूला राहायचे, मी स्टेशनजवळ. चौथ्याच्या घरचं महागणपतीच्या मंदिराबाहेर हार, दुर्वा आणि मोदकांचं दुकान. हेडफोन लावले की पाच महिने न भेटलेली माणसं कानाशी येऊन बसायची.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रं शोधतात, एकमेकांना मारतात. खेळायची जागा आक्रसत जाते आणि शेवटी उरेल ती टीम जिंकते. एवढाच खेळ असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्याच्यावर एक शिडी ठेवलेली असते, तिचं नाव रॉयल पास. तेव्हा तिला शंभर पायऱ्या होत्या. अमुक बंदुकीने इतके मारा, तमुक गावात उतरा, पहिल्या दहात या, अशी मिशन्स रोज आणि दर आठवड्याला यायची. मिशन झालं की पॉइंट, पॉइंट साठले की पायरी, पायरीवर कधी जॅकेट, कधी बंदुकीचा रंग. सीझन संपला की शिडी नवी, आपण पुन्हा खाली.

ऑगस्टमधली एक रात्र. माझं त्या दिवसाचं पहिल्या दहात येण्याचं मिशन बाकी होतं. दिवस बदलला की ते जाणार होतं. आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि चौथा. पोचिंकीच्या बाहेर एका भिंतीआड तो नॉक झाला. "ये ना रे, रिव्हाइव्ह दे," एवढंच म्हणाला. रिव्हाइव्ह करायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत हलता येत नाही आणि समोरचा पथक टिपून बसलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा होता, चौदा. मी गेलो नाही. गवतात झोपून राहिलो, आठवे आलो, मिशन झालं. तो म्हणाला, "झालं तुझं? मी निघतो, पहाटे उठायचंय."

पहाटे का उठायचंय, हे मी विचारलं नाही. नंतर तो येईनासा झाला तेव्हाही विचारलं नाही. त्याच्या जागी रँडम खेळाडू घ्यायला लागलो. रँडमने मिशनं जास्त पटापट व्हायची.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. मला खेळ गेल्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं ते पास अर्धवट राहिल्याचं. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

राज्यातली मंदिरं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. त्या आठवड्यात आईबरोबर महागणपतीला गेलो तर चौथा दुकानात हार लावत होता. तेव्हा कळलं. मंदिर बंद म्हणजे दुकान बंद. आठ महिने घरात एक रुपया आला नव्हता. तो पहाटे तीनला कल्याणच्या बाजार समितीत जाऊन टेम्पोने भाजी आणायचा आणि सोसायट्यांच्या गेटवर विकायचा. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याच्याशी रोज तास-दीड तास बोलत होतो, तरी नाही.

मोबाइल गेमबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती कायम तासांची. २ जुलै २०२१ ला हाच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. मर्यादा असावीच. पण त्या रात्री मी दीड तासच खेळलो होतो, आणि मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. माझं जे बिघडलं ते घड्याळात मोजता आलं नसतं.

अलास्डेर मॅकिन्टायर नावाच्या तत्त्वज्ञाने १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या पुस्तकात एक उदाहरण दिलंय. एका सात वर्षांच्या मुलाला बुद्धिबळ शिकवायचंय, पण त्याला रस नाही. म्हणून त्याला सांगितलं, खेळलास तर गोळ्या, जिंकलास तर आणखी गोळ्या. मूल खेळतं. पण जोवर त्याला फक्त गोळ्या हव्यात, तोवर फसवता येत असेल तर न फसवण्याचं त्याच्याकडे काही कारण नाही. खेळाची स्वतःची मजा कळली, की फसवून तो स्वतःलाच फसवेल. मी गेममध्ये नियम कुठलाच मोडला नाही. पण मला चौघांच्या खेळातली मजा कळत असताना कुणीतरी हातात गोळी ठेवली, आणि मी उलट्या दिशेने चालत गेलो. आधी मित्रांसाठी खेळत होतो, मग मिशनसाठी मित्र लागत होते.

इथे कुणी म्हणेल, बक्षिसासाठी काही करणं यात नवीन काय? बरोबर आहे. माझ्या आईने सोळा सोमवार केलेत, तेही मनात काहीतरी धरूनच. नवस हा व्यवहारच असतो, त्याला उगाच उंचावर बसवायला नको. पण त्या सोळा सोमवारांत एक गोष्ट आहे जी माझ्या शिडीत नव्हती. सतराव्या सोमवारी उद्यापन असतं. चार माणसं जेवायला बोलावतात आणि व्रत संपतं. सतरावा सोमवार झाल्यावर आई मोकळी. आकडा आधीच ठरलेला असतो आणि तो वाढवून कुणाचा धंदा वाढत नाही. माझ्या शिडीचं शंभरावं पाऊल म्हणजे पुढच्या शिडीची जाहिरात. जिला शेवट नाही, ती शिडी चढताना 'आधी हे होऊ दे, मग बघू' असं म्हणणारा माणूस कायम 'आधी'मध्येच राहतो.

हे मी बाहेरून बोलत नाहीये. गेल्या वर्षी कामावर मला एका ॲपसाठी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी चॅलेंजेस लिहायला मिळाली. मी दोन गोष्टी सुचवल्या. एक दिवस चुकला तर मोजणी शून्यावर जाऊ नये, आणि गोल्ड झाल्यावर 'पूर्ण झालं' अशी स्क्रीन यावी, पुढचं चॅलेंज लगेच सुरू होऊ नये. पहिली मान्य झाली. दुसरीवर लीड शांतपणे म्हणाला, "मग युझर परत कशाला येईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोड लिहिला, तो आज चालू आहे. पण आता असं काही लिहिताना स्वतःला विचारतो: हे करत असताना माणसाला मध्येच कुणासाठी दहा सेकंद थांबावं लागलं, तर त्याचं काय जाईल? खूप काही जाणार असेल, तर थांबायचं नाही हे आपण त्याला शिकवतोय.

बीजीएमआय आलं तेव्हा पबजीचा जुना डेटा नव्या खात्यात आणता येत होता. माझी जॅकेटं, बंदुकांचे रंग, सगळं परत मिळालं. चौथा परत आला नाही. त्याला एकदा दुकानात बसून त्या रात्रीबद्दल विचारलं, पोचिंकीची भिंत, रिव्हाइव्ह वगैरे. त्याला काहीच आठवत नव्हतं. "गेम होता रे तो," म्हणाला. मग हाराची गाठ मारत म्हणाला, "तीन महिन्यांत एक फोन केला नाहीस, ते आठवतं."