समुद्र आणि ओढा

वाचनपाठ : मत्तय 24:44

दूरच्या समुद्रप्रवासास निघणारा मनुष्य आधी देणे फेडितो, भांडण मिटवितो व घरच्यांस प्रभूच्या हाती सोपवितो. रेव्ह. स्टीफन हिस्लॉप साहेब 1844 साली स्कॉटलंड सोडून निघाले व 1845 साली नागपुरास आले. ज्यास महासागराने सुखरूप पोहोचविले, तो प्रभूचा सेवक सप्टेंबर 1863 मध्ये बोरीनजीक पुराच्या ओढ्यात बुडाला. आपण मात्र समजतो की, तयारी जहाजावर चढणाऱ्याने करावी. आपणांस तर शेतापर्यंतच जावयाचे आहे! बंधूंनो, ओढा गावाजवळच आहे. यास्तव ज्या भावाशी आपला अबोला आहे, त्याच्या दारी आज सूर्य मावळण्यापूर्वी जाऊ या. प्रभु आपणां सर्वांस सिद्ध ठेवो. आमेन.