पळी हाती असलेल्या माते

अन्नपूर्णे, गौरीहर पुजला तेव्हा तू तांदळाच्या राशीवर होतीस, आणि आईनं माझ्याबरोबर तुलाही सासरी धाडलं. तेव्हापासून देवघरात वाटीभर तांदळांवर बसली आहेस. तुझ्या हाती शस्त्र नाही, वाढायची पळी आहे, म्हणून हे मागणं तुझ्याकडेच.

आई, आमच्या मुली भात सोडताहेत. आधी भात, मग पोळी, मग केळं नि चिकू, आणि संध्याकाळी सातनंतर काहीच नाही. होळीच्या दिवशी पुरणपोळीच्या पंगतीत बसून त्या काकडी खातात. त्यांना सद्बुद्धी दे असं मी म्हणणार नाही, बुद्धी त्यांना भरपूर आहे. त्यांची भूक त्यांना परत दे.

वरण-भात तूच जुळवलास. तांदळात लायसिन कमी, ते तुरीच्या डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. वर लिंबू पिळलं की डाळीतलं लोह अंगी लागतं. ही नावं कधीही न ऐकलेल्या बायकांनी चुलीपुढे बसून हे ताट सिद्ध केलं. त्यांच्या हाताला कुणी अडाणी म्हणू नये, एवढं बघ. भाजणी भाजताना घरभर सुटणारा वास, थालीपिठाला बोटानं पाडलेली भोकं, त्यांत सोडलेलं तेल, कोकमाच्या आमटीची आंबट वाफ, गरम भाकरीवर ठेचा: हे सगळं तुझंच दान आहे, आणि त्याला नाकारताना आमचा जीव किती शुष्क होतो ते तू पाहतेसच.

भुकेला उपाशी ठेवलं की ती काय करते, हे तुला सांगायला नको. 1945 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुण स्वखुशीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं जेवू घालावं, हे शोधायचं होतं. ते तरुण उदास झाले, चिडचिडे झाले, ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, अन्नाची स्वप्नं पाहू लागले. भात सोडलेली मुलगी मध्यरात्री मोबाइलवर बिर्याणीचे व्हिडिओ का बघत बसते, हे मला त्या तरुणांमुळे कळतं. तिचा निग्रह कमी पडलेला नसतो. तिचं शरीर तिच्यासाठी हाक मारत असतं. ती हाक ऐकण्याचं धैर्य तिला दे.

तुझ्याच घरची गोष्ट आठव. शंकरांनी अन्नाला माया म्हटलं, तू निघून गेलीस, आणि सृष्टी भुकेनं कळवळली. मग तेच काशीला भिक्षापात्र घेऊन तुझ्या दारी उभे राहिले. तू रागावली नाहीस, वाढलंस. आमच्या लेकींसाठीही असंच थांब. वर्षभरानं परतल्या तरी वाढ.

ज्यांना मधुमेहामुळे मोजून खावं लागतं, त्यांच्या मोजक्या घासाला चव राहू दे. ज्यांच्या चुली आज पेटल्याच नाहीत, त्यांच्याकडे सगळ्यांच्या आधी जा.

आणि या अंगांवर माया कर, माते. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या पोटांवर, जाड दंडांवर, आजीसारख्या रुंद कमरांवर. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या अंगाकडे बघून शब्द ओठांशी आला, तर माझी जीभ तिथेच आवर. नवरीला ब्लाउजसाठी उपाशी ठेवणाऱ्या घरात कुणालातरी सुचव, की शिलाई उसवता येते.

घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर खरवड खाऊन उठणाऱ्या बायकांना पंगतीत बसव. त्यांच्या पानावर तुझ्या पळीनं तूप वाढ, आणि भात गरम आहे तोवर त्यांना जेवू दे.