विद्येचें ऋण कोणास फेडावें?

विद्येसाठीं परक्याचा पैसा घेणारा त्याचा मिंधा होतो काय? सन १९२९ त अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, ऑस्टिन येथें, ॲनी वेब ब्लँटन व दुसऱ्या अकरा शिक्षिकांनीं ‘डेल्टा कॅप्पा गॅमा’ हें मंडळ स्थापिलें. सभासद शिक्षिकांच्या देणग्यांतून परदेशच्या स्त्रियांस अमेरिकेंत व कॅनडांत उच्च शिक्षणास साहाय्य मिळत आलें आहे. देणारीनें घेणारीचें मुखही बहुधा पाहिलेलें नसतें. मग फेड कोणास करावी?

जें दान घेणाऱ्यास दात्याच्या दारीं बांधून ठेवितें, तें दान नव्हे, सावकारी होय. विद्येचें ऋण मागें फेडावयाचें नसून पुढें द्यावयाचें असतें, असें आम्हांस वाटतें. वाचकहो, ज्यास वाचतां येतें त्यानें शेजारच्या एका मुलीस अक्षरें शिकवावीं. फेडीस तेथूनच आरंभ होतो.